दिव्यांग भावंडाच्या सांभाळात बाकीच्या भावंडांना कसं सामील करून घ्यावं

कोकणातल्या पुष्कळ घरांची मांडणी सारखीच असते. म्हातारे आईवडील गावच्या घरात, एक मुलगा त्यांच्यासोबत किंवा वाडीतच, एखाद-दुसरा विरार-डोंबिवलीकडे नोकरीला आणि मुलगी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात. अशा घरात एक भावंड बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न (ऑटिझम असलेलं) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेलं असेल, तर त्याचं खाणं, अंघोळ, औषध, रात्रीची जाग असं सगळं आईच्या अंगावर असतं. "माझ्या माघारी ह्येका कोण बघतलो?" हे ती देवाला विचारते, शेजारणीला विचारते. मुलांना मात्र थेट विचारत नाही, आणि मुलंही विषय काढत नाहीत. मग ज्या आठवड्यात आई अंथरुणाला खिळते, त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सगळं ठरतं. ते बहुधा चुकीचंच ठरतं, कारण तोवर कोणाच्या हाताला कामाची सवय नसते आणि कोणाकडे कागद नसतात.

म्हणून आईवडील हिंडतेफिरते असतानाच भावंडांचे हात कामाला लावायचे. त्यासाठी एकदम मोठं वचन मागू नये. छोटं, नेमकं काम द्यावं आणि ते त्यांच्या पद्धतीने करू द्यावं.

काय मागायचं आणि काय नाही

"तू याला सांभाळशील का?" असं विचारू नये. हो म्हणणाऱ्याला आपण कशाला हो म्हटलं ते ठाऊक नसतं. नाही म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा 'सगळं माझ्या एकट्यावर नको' एवढंच असतं, पण एकदा नाही म्हटल्यावर तो विषयापासूनच लांब राहतो. मागताना काम कोणतं, कधी, किती वेळाचं आणि कुठल्या तारखेपर्यंत, या चारही गोष्टी सांगाव्यात. "फिटच्या गोळ्या दर महिन्याच्या पाच तारखेआधी घेऊन पाठवायच्या, पुढच्या शिमग्यापर्यंत हे तुझ्याकडे" असं म्हटलं की समोरच्याला नीट विचार करता येतो. मुदत संपली की पुन्हा बोलायचं. आयुष्यभराचं ओझं कोणी एका दुपारी उचलत नाही.

मागण्याआधी घरात नेमकं काय काय चालतं ते कागदावर यायला हवं. आईला विचारलं तर ती "काय विशेष नाय" म्हणते, कारण तिच्या लेखी ते काम नसून दिवसच असतो. म्हणून एक वही पडवीत खिळ्याला दोरीने अडकवावी आणि आठवडाभर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, पुतणीने किंवा गावातल्या भावाने, वेळ घालून नोंदी कराव्यात. रात्रीच्या नोंदी तर हव्याच. मुंबईच्या भावाला जेवण भरवणं माहीत असतं. दोन वाजता कूस बदलणं, साडेतीनला ओली चादर काढणं, पाचला पुन्हा उठणं हे त्याला खरोखर माहीत नसतं. आठवड्याची वही वाचली की वाद अर्धा मिटतो.

बैठक कधी आणि कशी

सगळी भावंडं एकत्र येतात ती गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात. गणपतीत चतुर्थीचा दिवस धावपळीत जातो आणि गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की चाकरमानी परतीच्या गाडीच्या चिंतेत असतात. त्यामुळे गौर यायच्या आधीची एखादी दुपार धरावी. रात्री भजनं असतात, तेव्हा नको. शिमग्यात घरी पालखी येते तो दिवस सोडावा. दीड तास पुरे. त्याहून लांबवलं की जुनी भांडणं, बागेची वाटणी, कोणाच्या लग्नात कोण आलं नाही हे सगळं वर येतं. जमिनीचा विषय त्या दिवशी काढायचाच नाही. त्याला वेगळा दिवस द्यावा.

सुना आणि जावई बैठकीत बसलेच पाहिजेत. प्रत्यक्षात काम पडतं ते गावातल्या वहिनीवर, आणि निर्णय मात्र तीन भाऊ ओटीवर बसून घेतात. ज्या कामाला वहिनीने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलेलं नाही, ते काम तिच्या नवऱ्याच्या नावावर लिहू नये. बहिणीला "ती परक्या घरची" म्हणून बाजूला ठेवणं हीसुद्धा मोठी चूक आहे. ती सर्वांत जवळ राहत असते आणि दिव्यांग बहिणीच्या पाळीच्या, अंघोळीच्या, कपड्यांच्या बाबतीत तिच्याशिवाय चालत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हक्क २००५ पासून भावांइतकाच आहे, तेव्हा तिचं मतही तेवढंच धरावं.

आणि ज्याच्याबद्दल बोलायचं ते भावंड तिथे हवं. बोलता येत नसेल तरी हवं. त्याला कोणासोबत राहायला आवडतं, कोणाच्या हातचं ते खातं, कशाने बिथरतं हे त्याच्या वागण्यातून दिसतं. त्याच्यासमोर त्याच्याविषयी "ह्याचं काय करायचं" अशा भाषेत बोलू नये. बौद्धिक दिव्यांग माणसाला शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो, आणि मग रात्रभर तो झोपत नाही.

कामवाटपासाठी एक साधी रीत उपयोगी पडते. वहीतलं प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहून माजघरात जमिनीवर मांडायचं. ज्याला जे जमेल ते त्याने उचलायचं. कोणी कोणाला देत नाही, त्यामुळे रुसवा कमी. शेवटी ज्या चिठ्ठ्या जमिनीवर उरतात, बहुतेक रात्रीच्या आणि संडास-अंघोळीच्या, त्यांच्यावरच उरलेला वेळ बोलायचं. त्या कोणालाच जमत नसतील तर पगारी माणूस लावायचा, आणि तो खर्च लांबच्या भावंडांनी उचलायचा. दिव्यांग भावंडालाही चिठ्ठी उचलू द्यावी. पूजेची फुलं काढणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, वाळलेले कपडे आणणं हे बहुतेकांना जमतं, आणि त्याच्या नावावर काम असलं की घरात त्याची जागा पक्की होते.

लांब राहणाऱ्याकडे कोणती कामं

मुंबईच्या भावाने फक्त पैसे पाठवावेत ही समजूत दोन्ही बाजूंनी असते आणि ती दोन्हीकडे कडवटपणा आणते. कागद, फोन आणि रांगा ही कामं लांबून चांगली होतात. यूडीआयडी कार्डावरची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्रावरची मुदत पाहणं (प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर पुन्हा तपासणी लागते), निरामय विम्याचं दरवर्षीचं नूतनीकरण, डॉक्टरांची वेळ घेणं, रेल्वेचं दिव्यांग सवलतीचं तिकीट काढणं, ही सगळी एका माणसाकडे असावीत. निरामय ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची आरोग्यविमा योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगता या चार प्रकारांसाठी आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नूतनीकरण विसरलं की मात्र हॉस्पिटलचं बिल आल्यावरच कळतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपतीत भावंडाला ने-आण करायची असेल तर ती तारीख याच माणसाच्या फोनमध्ये लावलेली असावी.

दुसरं काम रोजच्या व्हिडिओ कॉलचं. वेळ ठरलेली हवी, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर साडेसातला म्हणजे साडेसातला. पाच मिनिटं पुरतात. दिव्यांग भावंडाला ज्याचा चेहरा रोज दिसतो, त्याच्याकडे पुढे राहायला जाणं सोपं जातं. वर्षातून दोनदा येणारा भाऊ त्याच्या दृष्टीने पाहुणाच असतो.

सांभाळाची वही

ही वही आणि आठवड्याच्या नोंदींची वही वेगळी. तिचे फोटो प्रत्येक भावंडाच्या फोनमध्ये हवेत, आणि दर तीन महिन्यांनी ती तारीख घालून नवी करावी. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, रक्तगट, वजन, निदान, ॲलर्जी, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर. दुसऱ्या पानावर औषधं, आणि ती अशा तऱ्हेने की परका माणूसही देऊ शकेल. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी-रात्री किती, जेवणाआधी की नंतर, उलटी झाली तर पुन्हा द्यायची की नाही. शेवटची गोष्ट डॉक्टरांना विचारूनच लिहायची. "पांढरी मोठी गोळी" असं लिहिलेलं असेल तर कंपनी बदलली की घोटाळा होतो.

त्यापुढची पानं आईच्या डोक्यातली, आणि तीच खरी मोलाची. भूक लागली की काय करतो. पोटात दुखलं की काय करतो. संडासला जायचं असेल तर कोणता इशारा. कशाची भीती वाटते (मिक्सर, वीज कडाडणं, डोक्यावरून पाणी). कशाने शांत होतो. ही पानं लिहायला आईला बसवू नका. तिच्या शेजारी बसून, ती काम करत असताना विचारत जा आणि तुम्ही लिहा. फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर अजून बरं, कारण काही भावंडं त्या आवाजावरच जेवतात.

हाताने शिकायची कामं

पाहून काम येत नाही. एका दिवशी आई करते आणि भावंड पाहतं, दुसऱ्या दिवशी दोघं मिळून, तिसऱ्या दिवशी भावंड करतं आणि आई त्या खोलीत नसते. तिसरी पायरी बहुतेक घरांत गाळली जाते. आई दारात उभी राहून सूचना देत राहते, आणि भावंडाची पहिलीच चूक ही शेवटची संधी ठरते. भावंडाने केस दुसऱ्या बाजूला विंचरले, भात आधी आणि आमटी नंतर दिली, तर ते चालू द्यावं. औषधाची वेळ, गिळण्याची काळजी आणि पडण्याचा धोका एवढ्याच ठिकाणी आईची पद्धत सोडायची नाही.

भरवण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे आईची पद्धतही कधी कधी बदलावी लागते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला लहानपणी मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवलेलं असतं, आणि तीच सवय तो तीस वर्षांचा झाला तरी चालू राहते. मान मागे गेली की घास किंवा पेज श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. त्याला पाठ सरळ ठेवून बसवावं, कंबर खुर्चीला टेकलेली, पाय खाली टेकलेले, हनुवटी किंचित छातीकडे. अर्धा चमचा घास, समोरून आणि तोंडाच्या उंचीवर. गिळलेलं दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पदार्थ सोपे वाटतात, पण गिळायला तेच अवघड असतात. पेजेचं वरचं पातळ पाणी, सार, ताक भरभर घशात उतरतं आणि ठसका लागतो. म्हणून पेज आटवून, शितं घोटून दाट करावी, चमचा तिरका केला तर धार न लागता गोळ्याने पडेल इतपत. जेवताना खोकला, जेवल्यावर घशातून ओला, घरघरता आवाज, वारंवार छाती भरणं ही अन्न चुकीच्या वाटेने जात असल्याची चिन्हं आहेत. ती दिसली तर डॉक्टरांकडून वाचा-उपचारतज्ज्ञाकडे (गिळण्याचा त्रासही तेच पाहतात) पाठवण्याची चिठ्ठी घ्यावी. माशांत तारली आणि बांगडा काट्यांमुळे टाळावेत. मोरीला बारीक काटे नसतात, मधला कुर्चेचा भाग काढला की झालं. सुरमईच्या तुकडीचा मधला काटा काढून बोटांनी चाचपून मगच द्यावी. फणसाचे बरके गरे निसरडे असतात, ते नकोतच.

फिट आली तर प्रत्येक भावंडाने, त्यांच्या मुलांनीसुद्धा, एकच गोष्ट करायची. घड्याळ पाहायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी घालायचं, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं. तोंडात चमचा, पाणी, कांदा काही नाही, आणि हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८. घाटातल्या किंवा खाडीपलीकडच्या वाडीत गाडी यायला वेळ लागतो, म्हणून नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे घरात ठेवावा का हे डॉक्टरांना आधीच विचारावं, आणि लिहून दिला असेल तर तो कसा मारायचा ते किमान तिघांना दाखवून घ्यावं. फिटच्या गोळ्या "आता बरा आहे" म्हणून परस्पर बंद करू नयेत. एकदम थांबवल्या तर सलग फिट येऊ शकतात.

उचलताना काखेत हात घालून ओढू नये, खांदा निखळतो. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर करायच्या, खुर्ची त्याच्या बळकट बाजूला तिरकी लावायची, आपण गुडघ्यांत वाकून कमरेजवळून धरायचं. अंथरुणावरच असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा आणि कमरेची हाडं रोज पाहायची. दाबल्यावरही न जाणारा लालसरपणा म्हणजे जखमेची सुरुवात.

अंघोळ आणि कपडे शक्यतो बहिणीचे बहिणीने, भावाचे भावाने. अगदीच इलाज नसेल तर दार अर्धं उघडं, घरात आणखी एक माणूस, आणि प्रत्येक वेळी "आता पाय धुतो" असं सांगून. मोठ्या दिव्यांग मुलीला सगळ्यांसमोर कपडे बदलायची सवय लावली की तिला चुकीचा स्पर्श ओळखता येत नाही.

आईवडिलांना बाहेर पाठवण्याचा सराव

भावंड एकट्याने सांभाळू शकतं का, हे आईवडील घरात असताना कळत नाही. सुरुवात अर्ध्या दिवसाने करा, आईवडील वाडीतच शेजारी. मग एक रात्र, ते बहिणीच्या घरी. मग तीन रात्री. हे सगळं गावच्या घरातच, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलते. मुंबईला नेणं सर्वांत शेवटी. गावी पडवी, खळं, झाडं यांत मोकळा हिंडणारा माणूस चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत दुसऱ्या दिवशी दार आपटायला लागतो, आणि भाऊ म्हणतो "याला माझ्याकडे नाही जमणार". जमतं, पण अंथरूण-पांघरूण, ताटली आणि संडासची पद्धत गावचीच न्यावी लागते. गावी बसायची सवय असेल आणि तिथे कमोड, तर नुसत्या त्या फरकाने बद्धकोष्ठ होतो. पहिल्या मुक्कामाला आईने दोन दिवस बरोबर जावं आणि मग निघून यावं, सांगून. गुपचूप निघालं की पुढच्या वेळी ते भावंड आईला नजरेआड होऊ देत नाही.

सरावाच्या काळात आईने दिवसातून एकदाच फोन करायचा. तासातासाला फोन आला की सांभाळणाऱ्याचा धीर जातो. भटकण्याची सवय असेल तर खिशात किंवा गळ्यात नाव आणि दोन फोन नंबर असलेलं कार्ड, रोज सकाळचा एक फोटो (अंगावर कोणते कपडे होते ते सांगायला), आणि हरवल्यास लगेच ११२. गावी विहिरीवर जाळी आणि समुद्राकडच्या बेड्याला (फाटकाला) आकडा हे काम कुठल्यातरी भावाच्या चिठ्ठीत हवं.

पावसाळा

जून ते सप्टेंबरची वेगळी यादी लागते. फिटची आणि मानसिक आजाराची औषधं किमान एक महिन्याची जादा, डायपर तसेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. हवेची गादी किंवा सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं) वापरात असेल तर इन्व्हर्टर आणि ते नसेल तेव्हाची हाताची सोय ठरलेली हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात तळमजले काही तासांत पाण्याखाली गेले. नदी-खाडीकाठच्या घरात चालता न येणाऱ्याचं अंथरूण माडीवर असावं, आणि ते शक्य नसेल तर त्याला उचलून कोण नेणार त्या चार माणसांना आधी विचारून त्यांची नावं भिंतीवर लावावीत. मुंबईचा भाऊ त्या दिवशी पोहोचणार नाही हे धरूनच चालायचं.

खळ्यातलं आणि पाखाडीवरचं शेवाळ पावसाआधी आणि मध्ये एकदा ब्लीचिंगने घासून काढावं. चाकाच्या खुर्चीसाठी घालायच्या उताराचं गणित सगळ्यांना माहीत असावं. एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोत्याच्या तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटिमीटर असतील तर उतार साधारण साडेपाच मीटरचा हवा. घाईत दोन मीटरचा घातलेला उतार खुर्ची ढकलणाऱ्याला घेऊन खाली येतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, म्हणून उतारासाठी, कमोड खुर्चीसाठी ग्रामसभेत लेखी अर्ज द्यावा. तो देणं हे गावातल्या भावाचं काम.

दमट हवेत काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्या नाहीत तर बुरशी होते. नुसती पावडर टाकून भागत नाही.

पैसे

दिव्यांग भावंडाचं खातं त्याच्या नावाचं, वेगळं. संजय गांधी निराधार योजनेची (राज्य सरकारच्या दरमहा मदतीची) रक्कम त्यात जमा होते आणि ती त्याचीच. घरखर्चात मिसळू नये. हयातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर तहसील कार्यालयात गेला नाही, किंवा आधारची जोडणी तुटली, तर पैसे थांबतात आणि कोणी कळवत नाही. पासबुक दर महिन्याला भरून घेणारं एक भावंड ठरवा. त्याला मुंबईला हलवायचं ठरलं तर आधारवरचा पत्ता बदलण्याआधी तहसीलात विचारा.

बाकी खर्चासाठी समान वाटणी मागू नका, ऐपतीप्रमाणे ठरवा आणि आकडा लिहा. हिशेबाचं पान दर महिन्याला फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचं, न मागता. प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याच्या वेळेची किंमतही त्यात धरावी. वाडीत दिवसभराच्या बाईला जे द्यावं लागतं, तेवढ्या पैशांत वहिनीला महिन्याचे चार दिवस मोकळे मिळायला हवेत. मेहेरबानी म्हणून नव्हे, ठरल्याप्रमाणे. आयकरात जुनी पद्धती निवडणाऱ्या भावाबहिणीलाही, अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडासाठी ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. ती कोणी घ्यायची हे ठरवून, वाचलेला कर त्याच कामाला लावावा.

कागद

अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना माहीत नसतं. वर निरामयसाठी सांगितलेल्या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. रायगडसाठी अलिबाग, रत्नागिरीसाठी रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ओरोस. भावंडंही पालक होऊ शकतात, आणि दोघांनी मिळून अर्ज केला तर एक गावी आणि एक मुंबईत असण्याची अडचण राहत नाही. मालमत्तेचीही जबाबदारी मिळालेल्या पालकाला नेमणुकीपासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीला द्यावा लागतो. हे जाचक वाटतं, पण उद्या दुसऱ्या भावाने बोट दाखवलं तर हाच कागद वाचवतो.

सगळ्यांनाच पालक लागत नाही. अंध, कर्णबधिर किंवा फक्त शारीरिक दिव्यांग असलेल्या प्रौढ माणसाचे निर्णय त्याचे तोच घेतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने मालमत्ता बाळगण्याचा आणि खातं चालवण्याचा त्याचा हक्क स्पष्ट केला आहे. मानसिक आजार असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तो बरा असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून एखाद्या भावंडाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांचे निर्णय घ्यायला मदत करणारा) करू शकतो.

वडील सरकारी पेन्शनर असतील, तर कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला त्यांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव वडील हयात असतानाच कार्यालयात नोंदवून त्याची पोच घ्यावी. नंतर धावाधाव करावी लागते ती भावंडांनाच.

जमिनीचं वेगळ्या दिवशी म्हटलं ते आता. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजार किंवा व्यंगामुळे कोणाचा वारसाहक्क जात नाही. त्यामुळे सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलंच पाहिजे. "त्याला काय करायचंय जमीन" म्हणून वारस नोंदीतून त्याला वगळणं किंवा अंगठा घेऊन हक्कसोड करून घेणं हा अन्याय आहे आणि पुढे कोर्टात टिकतही नाही. आईवडिलांना बागेचं किंवा घराचं उत्पन्न त्याच्यासाठी राखून ठेवायचं असेल तर वकिलाकडून मृत्युपत्र किंवा खासगी न्यास (ट्रस्ट) करून घ्यावा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, ते लाभ मिळणाऱ्यांपैकी नसावेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घेतलेली बरी. न्यासात एक विश्वस्त भावंड आणि एक घराबाहेरचा असावा. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही सगळ्यांना एकदा सांगून टाका.

कोणी नाहीच म्हटलं तर

एखादं भावंड कशालाच तयार नसतं. त्यामागे लहानपणी आईबापांचा सगळा वेळ दुसऱ्याकडे गेल्याची खंत असते, किंवा स्वतःच्या लग्नाची, होणाऱ्या मुलांची भीती असते. ही भीती बोलून दाखवायला जागा द्या. पुष्कळ प्रकारचं दिव्यांगत्व आनुवंशिक नसतं, काही असतं. ते जनुकीय समुपदेशनातून कळतं, वाडीतल्या गप्पांतून नाही. स्थळ पाहताना मात्र हे भावंड लपवू नका. लग्नानंतर कळलं की नव्या माणसाचा राग थेट त्याच्यावरच निघतो. नकार देणाऱ्याला सहा महिने सोडा आणि मग वर्षातून एकदाच करायचं एखादं काम द्या, दातांची तपासणी किंवा चष्मा.

सगळ्यांनाच अशक्य असेल तर निवासी संस्थेचा विचार आईवडील असतानाच करावा. राष्ट्रीय न्यासाची समर्थ-घरौंदा ही निवासी योजना याच गरजेसाठी आहे. संस्था पाहताना नोंदणी प्रमाणपत्र मागा, रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी असतात ते विचारा, जेवणाच्या वेळी न कळवता जा, संडास बघा, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांची नखं आणि दात बघा. आधी तीन दिवसांचा मुक्काम करून पाहा. आणि न्यासाच्या किंवा मृत्युपत्राच्या कागदात भेटीचीही अट घाला, दर तीन महिन्यांनी कोणतं भावंड जाणार ते नावानिशी. जिथे घरचं कोणी येत नाही, त्या माणसाची तक्रार कोणी ऐकत नाही.